मुंगीचे पंख

मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचें मरण जवळ आलें, असें आपल्याकडे म्हणतात. एखादा माणूस थोड्याशा यशानें चढून गेला आणि आपली पायरी विसरला, कीं घरांतलीं वडील माणसें त्याला हीच म्हण ऐकवितात. ही समजूत एकट्या महाराष्ट्राची नाहीं. स्पेन देशांत याच अर्थाची म्हण आहे, आणि सर्व्हांतेसनें आपल्या 'डॉन किहोते' या कादंबरींत ती सांचोच्या तोंडीं घातली आहे. हजारों कोस दूर राहणाऱ्या लोकांनीं एकमेकांस न विचारतां एकच निष्कर्ष काढावा, याचें कारण उघड आहे. सर्वांनीं एकच देखावा पाहिला होता. पावसाळ्याच्या तोंडीं, संध्याकाळीं दिवा लागला कीं त्याच्याभोंवतीं पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो, आणि सकाळीं केर काढतांना गळलेल्या पंखांचा आणि मेलेल्या किड्यांचा ढीग सुपलींत भरावा लागतो. पुरावा डोळ्यांपुढें होता. चूक झाली ती अनुमानांत. ती चूक सुधारण्यास माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं. श्रोतेहो, त्या सुधारणेचा इतिहास मी आज आपणांस सांगणार आहें.

या मार्गांतला पहिला अडथळा डोळ्यांचा नव्हता, कल्पनेचा होता. कीटकांच्या समाजांत कोणी तरी राज्य करीत असला पाहिजे आणि राज्य करणारा पुरुषच असला पाहिजे, हें जुन्या विद्वानांनीं गृहीत धरलें होतें. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अ‍ॅरिस्टॉटलनें पोळ्यांतील मोठ्या मधमाशीचें वर्णन केलें तें 'राजा' म्हणून. त्याचा शब्द युरोपांत प्रमाण मानला जात असल्यामुळें पुढें कित्येक शतकें ती माशी राजाच राहिली. १६०९ सालीं चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकानें मधमाश्यांवर एक पुस्तक लिहिलें आणि त्याला 'स्त्रीराज्य' अशा अर्थाचें नांव देऊन या राजाला राणी केलें. तरीही निर्णायक पुरावा हवा होता. तो हॉलंडमधील यान स्वामर्दाम यानें दिला. १६३७ सालीं जन्मलेला हा वैद्य अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं वारला. परंतु तेवढ्या आयुष्यांत त्यानें बारीक कात्र्या आणि सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्यानें कीटकांच्या शरीरांत जेवढें पाहिलें, तेवढें त्याच्या पूर्वीं कोणी पाहिलें नव्हतें. त्यानें त्या 'राजा'चें पोट उघडलें आणि आंत अंडाशय दाखवून दिले. राजा म्हणून जिला मान मिळत होता, ती आई होती.

मुंग्यांचा प्रश्न याहून बिकट होता. पोळें माणसाच्या हातीं येतें. मुंग्यांची राणी जमिनीखालीं अंधारांत राहते आणि एरवीं कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. जमिनीवर दिसतात त्या सर्व कामकरी मुंग्या, आणि त्यांना पंख कधींच नसतात. वर्षांतून थोडेच दिवस पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात आणि नाहींशा होतात. मग त्या कोण? निराळी जात, कीं त्याच मुंग्या म्हातारपणीं पंख फुटून मरावयास निघालेल्या? स्वामर्दामनें वारुळांतील मुंग्यांचीं शरीरें तपासून सांगितलें कीं येथें नर, मादी आणि कामकरी असे तीन प्रकार आहेत. लोक ज्यांना मुंग्यांचीं अंडीं म्हणत, ते पांढरे दाणे अंडीं नसून कोश आहेत, हेंही त्याला कळून चुकलें होतें. हॉलंडच्याच लेवेनहूकनें १६८७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहिलेल्या पत्रांत खरीं अंडीं, अळ्या आणि कोश हे भेद स्पष्ट केले. परंतु स्वामर्दामचा मोठा ग्रंथ त्याच्या मरणानंतर सत्तावन्न वर्षांनीं, १७३७ सालीं छापला जाऊं लागला. मुंग्यांच्या इतिहासांत हा विलंब पुन्हां एकदां आपल्याला भेटणार आहे.

वारुळाच्या बाहेर, उघड्या मैदानांत हा प्रश्न नेला तो विल्यम गूल्ड यानें. हाही धर्मोपदेशकच होता. त्याचें 'इंग्लंडांतील मुंग्यांची हकीगत' हें लहानसें पुस्तक १७४७ सालीं लंडनमध्यें निघालें. त्यांत त्यानें पांच जातींच्या मुंग्या वेगळ्या ओळखल्या, आणि वाचकाला वारुळाशीं बसवून त्यांचें वर्षभराचें जीवन दाखविलें. त्याच्या सर्व नोंदींत मोलाची नोंद ही, कीं मोठी पंखवाली मुंगी ही मादी आहे, समागमानंतर ती आपले पंख टाकून देते, आणि वारुळांत सांपडणारी बिनपंखांची मोठी राणी ती हीच. म्हणीचा पाया येथेंच ढासळला. पंख हें मरणाचें चिन्ह नव्हे. तें वयांत आल्याचें चिन्ह आहे, आणि पंख गळणें ही राज्याची सुरुवात आहे.

त्याच सुमारास फ्रान्समध्यें रेओम्यूर हा थोर शास्त्रज्ञ हेंच कोडें सोडवीत होता. उष्णतामापक यंत्रावरील त्याच्या नांवाचे अंश जुन्या पुस्तकांतून पुष्कळांनीं वाचले असतील. पोइतू प्रांताकडे प्रवास करीत असतां तूर शहराजवळ, लवार नदीच्या बांधावर, संध्याकाळच्या वेळीं तो गाडींतून उतरून पायीं चालूं लागला, आणि त्याला हवेंत उडणारे मुंग्यांचे ढग दिसले. एकमेकांस जडलेल्या जोड्या त्या ढगांतून खालीं पडत होत्या, आणि प्रत्येक जोडींत एक लहान व एक मोठी मुंगी होती. हा खेळ नसून विवाह आहे, हें त्यानें ओळखलें. परंतु मुंग्यांवरचें त्याचें हस्तलिखित त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. तो १७५७ सालीं वारला. हस्तलिखित पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या दप्तरांत पडून राहिलें, आणि १९२६ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक विल्यम मॉर्टन व्हीलर यांनीं इंग्रजी भाषांतरासह तें प्रसिद्ध केलें. तोंवर त्यांतील शोध इतरांनीं स्वतंत्रपणें लावून झाले होते. ज्ञान सांपडणें आणि तें लोकांच्या हातीं पोंचणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचें हें बोलकें उदाहरण होय.

आतां जिनीव्हा शहरांतील एका घराकडे वळूं. फ्रान्स्वा ह्यूबर हा मधमाश्यांचा अभ्यासक आंधळा होता. त्याचा सेवक ब्यूर्नेन्स पोळें उघडी, दिसेल तें सांगे, आणि ह्यूबर पुढचा प्रश्न ठरवी. या जोडीनें मधमाशीच्या राणीचा विवाह पोळ्याबाहेर, आकाशांत होतो, हें सिद्ध केलें आणि १७९२ सालीं तें जगापुढें मांडलें. याच ह्यूबरचा मुलगा प्येर, जन्म १७७७. बापाचे प्रश्न विचारण्याचें शहाणपण आणि स्वतःचे तीक्ष्ण डोळे, अशी दुहेरी संपत्ति त्याला मिळाली होती. १८१० सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें मुंग्यांवरील पुस्तक आजही अभ्यासकांस सोडतां येत नाहीं.

गूल्डनें पंख गळतात असें सांगितलें होतें. ते कसे गळतात, हें प्येर ह्यूबरनें डोळ्यांनीं पाहिलें. विवाह आटोपलेल्या माद्या पकडून त्यानें थोडी ओली माती घातलेल्या भांड्यांत ठेविल्या. मातीचा स्पर्श होतांच त्या मादीनें पंख ताणले, एकमेकांवर आडवेतिडवे फिरविले, पायांनीं दाबले, आणि पाहतां पाहतां चारी पंख मुळापासून निखळून पडले. त्यानंतर ती शांतपणें मातींत शिरावयास जागा शोधूं लागली. उलट, ज्या माद्यांचा विवाह झाला नव्हता, त्यांना कोंडून ठेविलें तरी त्यांचे पंख तसेच राहिले. म्हणजे पंख अपघातानें मोडत नाहींत. काम संपल्यावर ती आपल्या हातानें उतरवून ठेवते.

पुढचा प्रश्न असा, कीं पंख टाकलेली ही एकटी मादी नवें वारूळ वसवूं शकते काय? पुष्कळ विद्वानांना हें अशक्य वाटे. त्याचें उत्तर देणाऱ्यांत सर जॉन लबक हे प्रमुख होत. हे पेशानें सावकार, पार्लमेंटचे सभासद, आणि डार्विनचे शेजारी. १८७१ सालीं बँकांच्या सुटीचा कायदा त्यांनींच मंजूर करून घेतला. कांचेच्या दोन पट्ट्यांमध्यें मातीचा पातळ थर ठेवून ते घरांतच मुंग्या पाळीत. १८७६ च्या ऑगस्टांत आपल्या बागेंत उडतांना सांपडलेल्या मुंग्यांच्या दोन जोड्या त्यांनीं वेगळ्या ठेविल्या. नर मेले, परंतु मादीनें अंडीं घालून त्यांचा सांभाळ केला, आणि पुढच्या वर्षीच्या जुलैंत पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. मजुराची मदत नसतां राज्य उभें राहिलें. त्यांच्यापाशीं डिसेंबर १८७४ पासून असलेली एक राणी ऑगस्ट १८८८ पर्यंत जगली. मरणास टेकलेली म्हणून जिची कींव केली जात होती, ती एवढ्या लहान जिवाच्या मानानें दीर्घायुषी निघाली. पुढें १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका नोंदींत काळ्या बागमुंगीची पाळलेली राणी २८ वर्षें ९ महिने जगल्याचा दाखला आहे.

ही माता बंद कोठडींत महिनोन् महिने काय खाऊन राहते? १९०७ सालीं फ्रान्समधील शार्ल जाने यानें याचा उलगडा केला. काळ्या बागमुंगीच्या राण्यांचे निरनिराळ्या काळांतील सूक्ष्म छेद घेऊन त्यानें दाखविलें कीं विवाहानंतर पंख हालविणारे छातींतले मोठे स्नायु हळूहळू विरघळून जातात. पंख बाहेरून टाकले जातात आणि त्यांचें बळ आंतून मुलांच्या मुखीं पडतें. अशा अनेक जातींची राणी पहिलीं पोरें मोठीं होईपर्यंत अन्नाचा कण तोंडांत घालीत नाहीं. पहिल्या कामकरी मुंग्या म्हणूनच खुरट्या असतात. पण त्या दार उघडून अन्न आणूं लागल्या, कीं राणीचें उरलेलें आयुष्य अंडीं घालण्यांत जातें. एका संध्याकाळच्या विवाहांत मिळालेलें नराचें बीज तिच्या पोटांतील एका पिशवींत वर्षानुवर्षें जिवंत राहतें. फलित अंड्यांतून मुली, अफलित अंड्यांतून मुलगे. मुंगीच्या नराला बाप नसतो. आजा मात्र असतो.

हिंदुस्थानांत या अभ्यासाला जोर आला तो मुंबईमुळें. १८८३ सालीं तेथें निसर्गेतिहास मंडळ स्थापन झालें. जंगलखात्यांतील अधिकारी रॉटन यांनीं १८९२ सालीं त्या मंडळाच्या नियतकालिकांत 'आपल्या मुंग्या' या नांवाची लेखमाला लिहिली, आणि हिंदुस्थान व लंका येथील मुंग्यांवरचें स्वित्झर्लंडच्या ऑग्यूस्त फोरेलचें विस्तृत लिखाणही त्याच पानांतून प्रसिद्ध झालें. १९०३ सालीं निघालेल्या बिंगहॅमच्या ग्रंथांत त्या वेळीं ज्ञात असलेल्या मुंग्यांची वर्णनें जातवार एकत्र झालीं. ग्रंथ चाळतांना एक अडचण ध्यानांत येते. पुष्कळ जातींची फक्त कामकरी मुंगी ठाऊक होती. कांहींचा फक्त नर. दिव्यावर सांपडलेला नर आणि शेतांत सांपडलेली मुंगी एकाच घरचीं आहेत, हें सांगणार कोण? या अडचणींत लिनिअससारखा महापंडितही सांपडला होता. जमिनीखालीं फौजेनें हिंडणाऱ्या एका आंधळ्या मुंगीचा नर चांगला बोटाच्या पेराएवढा, पिंवळट तपकिरी आणि लांब पोटाचा असतो. १७६४ सालीं लिनिअसनें त्याला गांधीलमाशीच्या कुळांत घातलें. त्याच वंशाचे नर आपल्याकडेही पावसाळ्यांत दिव्यावर येतात आणि त्यांना मुंगी म्हणावयास कोणी सहसा धजत नाहीं. आफ्रिकेंतील एका जातीची कामकरी मुंगी सुमारें दोन मिलिमीटरांची, तर राणी वीस मिलिमीटरांहून लांब. कोंकणांत पानें शिवून घरटीं करणाऱ्या तांबड्या ओंबिलांच्या शास्त्रीय नांवाचा अर्थ 'पाचूसारखी' असा होतो. कामकरी ओंबील पाहून हें नांव कोड्यांत टाकतें. राणी पाहिली कीं कोडें सुटतें, कारण ती हिरवट असते.

तेव्हां या सर्व इतिहासाचें सार हाताशीं घेऊन, आपल्या व्हरांड्यांत आलेली पंखवाली पाहुणी कोण, हें कसें ओळखावें तें सांगतों. प्रथम मुंगी कीं वाळवी, हें ठरवावें. वाळवीचे चारी पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि मण्यांच्या माळेसारख्या, व कंबर नाहींच म्हटली तरी चालेल. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे, मिशा कोंपरांत वांकलेल्या, आणि कंबर अतिशय बारीक. पहिल्या पावसांत दिव्यावर जे थवे येतात, त्यांत पुष्कळदां वाळवीचाच भरणा असतो. वाळवीचा नर राणीबरोबर जमिनींत शिरतो आणि जन्मभर तिची सोबत करतो. मुंगीचा नर थोड्याच दिवसांत मरतो. म्हणीतलें मरण खरें असलें तर तें ह्या बिचाऱ्याचें.

मुंगी ठरली, तर नर कीं मादी? नर सडपातळ, डोकें लहान, डोळे मोठे, जबडा दुबळा. मादी अंगानें भरदार, डोकें व जबडा बळकट, पोट मोठें, आणि छाती उंच फुगलेली. कारण उडण्याचे स्नायु तिथेंच सांठविलेले असतात. पंख गळल्यावरही ही छाती तशीच राहते, आणि तिच्या दोन्ही बाजूंस पंखांच्या मुळांचे बारीक वण दिसतात. मुंगळ्यांच्या रांगेंत कांहीं मुंग्या मोठ्या डोक्याच्या असतात आणि त्यांनाच लोक राणी समजतात. त्या कामकरीच होत. डोकें पाहूं नये, पाठ पाहावी: कामकरी मुंगीची पाठ अरुंद, राणीची रुंद व फुगीर. शेवटची खूण वागण्याची. पाऊस पडून गेल्यावर, वारा पडलेल्या उबदार वेळीं, एखादी मोठी मुंगी रांगेंत न शिरतां एकटीच जमिनीच्या भेगा हुंगीत फिरतांना दिसली, तर ती बहुधा घर शोधणारी राणी असते. अर्थात् निसर्गाला अपवाद प्रिय आहेत. आपल्या देशांत आढळणाऱ्या डायाकॅमा वंशाच्या मुंग्यांत पंखवाली राणी नसतेच. तेथें जन्मतः प्रत्येक कामकरी मुंगीच्या छातीवर दोन इवलेसे कोंब असतात. ज्या एकीचे कोंब शाबूत राहतात ती माता होते, आणि ती इतरांचे कोंब कुरतडून टाकविते. हें रहस्य १९८९ सालीं उघडकीस आलें.

हा इतिहास पंडितांच्या खोलींत संपत नाहीं. इंग्लंडमध्यें पंखवाल्या मुंग्या वर्षांतून एकाच ठराविक दिवशीं उडतात, अशी लोकांची समजूत होती. तेथील जीवशास्त्र मंडळानें २०१२ पासून सामान्य नागरिकांकडूनच नोंदी मागविल्या. हजारों घरांतून नोंदी आल्या, आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानें ती समजूत खोटी ठरविली. उड्डाणें अनेक दिवस चालतात. मात्र उष्णता १३ अंश सेल्सिअसहून अधिक आणि वारा सेकंदाला ६.३ मीटरांहून कमी असेल तरच. २०२० च्या जुलैंत तेथील दक्षिण किनाऱ्यावर मुंग्यांचे थवे इतके दाट होते, कीं रडारच्या पडद्यावर ते पावसाच्या सरीसारखे उमटले.

राणीची ओळख पटली, तशी तिची किंमतही ठरूं लागली. हौशी लोक कांचेच्या घरांत मुंग्या पाळतात आणि दूरदेशींच्या राण्यांना चांगला भाव देतात. २०२५ सालीं केनियांत सुमारें ५,००० राण्या कापूस घातलेल्या नळ्यांतून देशाबाहेर नेण्याच्या बेतांत असलेले दोन बेल्जियन तरुण पकडले गेले, आणि न्यायालयानें त्यांना दहा लक्ष केनियन शिलिंग दंड, न भरल्यास बारा महिन्यांची कैद सुनावली. प्रत्येक राणी म्हणजे होऊं घातलेलें एक वारूळ. पांच हजार राण्या नेणें म्हणजे पांच हजार वारुळें उगवण्यापूर्वींच उपटणें होय. गूल्डनें आणि ह्यूबरनें मुंगी ओळखली ती तिला समजून घेण्यासाठीं. ओळखीचा असाही उपयोग होईल, हें त्यांच्या स्वप्नींही आलें नसेल.

हजारों राण्या उडतात. कावळे, चिमण्या, पाली, बेडूक त्यांवर तुटून पडतात, आणि वारूळ वसविण्यापर्यंत फार थोड्या पोंचतात. म्हणून म्हण रचणाऱ्या पूर्वजांना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं दिव्याखालचा ढीग पाहिला. भेगेंत शिरलेली एक त्यांना दिसली नाहीं, कारण यशस्वी झालेली राणी कोणाला दिसतच नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत दिवा लागेल, पाहुण्या येतील, आणि केरसुणीही हातांत येईल. ती चालविण्यापूर्वीं क्षणभर खालीं वांकून पाठ पाहावी. रुंद पाठीची, पंख उतरविलेली एखादी उंबऱ्याच्या बाजूनें अंगणाकडे चालली असेल, तर तिला वाट द्यावी. तिच्या आयुष्याचा अंत झालेला नसतो; तिचा संसार नुकता सुरू होत असतो.